आजारी खलाशाला किनारा द्या

प्रति,
नौवहन महासंचालक, बंदरांवरचे आरोग्य अधिकारी, आणि भारतीय खलाशांना कामावर घेणारे जहाजमालक व त्यांचे एजंट यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या खाडीपलीकडच्या एका मुलाचं पोटाचं दुखणं जहाजावर बळावलं. जहाज एका परदेशी बंदराबाहेर नांगरून होतं, डेकवरून शहराचे दिवे दिसत होते. कप्तानाने त्याला किनाऱ्यावर न्यायची परवानगी मागितली. एजंटाने कागद मागितले, ते गेले. मग आणखी कागद मागितले, तेही गेले. अखेर उत्तर आलं की पुढच्या बंदरात बघा. पुढचं बंदर येईपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. पोरगा वाचला. त्याची आई मला विचारायला आली, "भाऊ, असं करायची यांना मुभा आहे का?" मुभा नाही, असं मी तिला सांगितलं आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी जहाजावर गेली. कॅडेट म्हणून चढलो, कप्तान म्हणून उतरलो. आमच्या दापोलीच्या पट्ट्यात घरटी एक माणूस दर्यावर असायचा, अजूनही बऱ्याच घरांतून असतो. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता नाही, आमच्या अख्ख्या किनाऱ्याचा आहे.

कायदा काय सांगतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण पत्र उघडं आहे म्हणून वाचकांसाठी लिहितो. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. आपल्या हद्दीतल्या जहाजावर कुणाला तातडीने उपचार लागत असतील तर किनाऱ्यावरचा दवाखाना त्याला खुला असला पाहिजे, हे त्यात पहिल्यापासून होतं. कोविडमध्ये ते पाळलं गेलं नाही. २०२० च्या अखेरीस नोकरीचा करार संपलेले सुमारे चार लाख लोक जहाजांवर अडकले होते, आणि ज्यांच्या आजाराचा कोविडशी काही संबंध नव्हता अशांनाही बंदरांनी परत पाठवलं. म्हणून २०२२ मध्ये दुरुस्ती झाली : अशा रुग्णाला विनाविलंब जहाजावरून उतरवून घेणं ही त्या त्या देशाची जबाबदारी. ही दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. त्या मुलाचं अपेंडिक्स त्यानंतर फुटलं.

आता दोनशे वर्षांमागची एक हकीकत सांगतो. आपल्याच धंद्यातली आहे. आज बंदराच्या कार्यालयांतून जी कारणं ऐकवली जातात, ती सगळी त्या लोकांकडेही होती, आणि आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होती.

लंडनजवळ ग्रीनिचला थेम्स नदीत 'ड्रेडनॉट' नावाचं जहाज कायमचं नांगरलेलं असे. मूळचं ९८ तोफांचं लढाऊ जहाज, १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत उतरलेलं. १८३१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते खलाशांच्या इस्पितळासाठी दिलं. इस्पितळ चालवणारी संस्था १८२१ मध्ये निघाली होती आणि लोकवर्गणीवर चालायची. ड्रेडनॉटच्या आधी तिचं काम 'ग्रँपस' या जहाजावर चालत असे. जिथे तोफा होत्या तिथे खाटा लागल्या. सर्व देशांच्या खलाशांसाठी, असं त्या जहाजाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

त्या काळी लंडनच्या धर्मादाय इस्पितळात भरती व्हायचं तर साधारणपणे कुणा देणगीदाराची चिठ्ठी लागे. परमुलखातला खलाशी ती कुठून आणणार? ड्रेडनॉटवर चिठ्ठी लागत नसे. जहाजाच्या बाजूला होडी लागली आणि तीतला माणूस आजारी दिसला, की त्याला वर घ्यायचं, एवढाच नियम. बंदरातल्या अधिकाऱ्यांनो, हा नियम कृपा करून पुन्हा एकदा वाचा. माणूस आजारी दिसतो आहे, हेच त्याचं प्रवेशपत्र.

आणि हे कधी चालू होतं? १८३१ च्या ऑक्टोबरात कॉलरा सुंदरलँड बंदरात उतरला आणि १८३२ च्या फेब्रुवारीत लंडनला पोहोचला. ब्रिटनने ही साथ त्याआधी पाहिलेली नव्हती. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी निळा पडून गार व्हायचा. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, हातापायांत पेटके, आवाज बसलेला, डोळे खोल गेलेले. रोग कशाने होतो ते ठाऊक नाही. दूषित हवेने होतो असं बहुतेक डॉक्टर मानत. म्हणजे खाटेजवळ उभं राहून श्वास घेणंसुद्धा धोक्याचं आहे, अशा समजुतीत ते रुग्णाजवळ उभे राहत होते.

औषध म्हणून हाताशी काय होतं? कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध, अफूचा अर्क, ब्रँडी, मोहरीचे लेप, गरम वाफारे. शीर उघडून रक्तही काढत, आणि ते इतकं दाट झालेलं असे की धड वाहत नसे. ज्याच्या अंगातलं पाणी संपत चाललं आहे त्याचंच रक्त काढायचं! आज वाचताना अंगावर काटा येतो. खरं उत्तर त्याच वर्षी कुणाला तरी सापडलंही होतं. विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत द्या. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात थॉमस लाटा या डॉक्टरने शिरेतून मिठाचं पाणी चढवलं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली. पण बरेच रुग्ण पुढे दगावले, बाकीच्या डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, आणि ही वाट पुढची कित्येक वर्षं जवळजवळ बंद राहिली. ओशॉनेसी नंतर बंगालमध्ये आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी नावाजला गेला.

तर हाती खात्रीचं औषध नसताना ग्रीनिचच्या लोकांनी काय केलं? १८४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४ हजारांवर माणसं गेली. त्या वर्षी नौदलाचं 'डेव्हनशायर' हे जहाज तात्पुरतं इस्पितळ म्हणून ग्रीनिचला आणलं गेलं. १८६६ मध्ये साथ पुन्हा आली तेव्हा नौदलाकडून 'बेलआइल' मागून घेतलं. बाल्टिक समुद्रातल्या मोहिमेत आधी इस्पितळाचंच काम केलेलं हे जहाज खास कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी उभं राहिलं. गर्दी वाढली तेव्हा जागा वाढवली. भीती वाढली तेव्हा वेगळं जहाज आणून लावलं, म्हणजे हाड मोडलेला खलाशी एकीकडे आणि कॉलऱ्याचा दुसरीकडे. आमच्याकडे जागा नाही, पुढच्या बंदरात जा, असं म्हणणं त्यांना किती सोपं होतं!

अशी सोय नसली की काय होतं तेही त्याच काळात दिसलं. १८५४ च्या ऑगस्टमध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी जमलेलं आरमार काळ्या समुद्रात व्हार्ना बंदराजवळ होतं. कॉलरा जहाजांवर शिरला. मोकळ्या समुद्रावरच्या हवेने तो जाईल अशा आशेने जहाजं बाहेर काढली. कॉलरा जहाजाबरोबरच गेला. 'ब्रिटानिया' या एका जहाजावर थोड्या दिवसांत शंभरावर माणसं मेली. आजारी आणि निरोगी एकाच छपराखाली, झुलत्या बिछान्यांच्या रांगांत. वेगळं ठेवायला जागा नाही, उतरवायला किनारा नाही. जहाज समुद्रात लोटून दिलं म्हणजे रोग गेला, हा समज तिथेच संपायला हवा होता.

लंडनच्या त्याच वर्षीच्या साथीत, कॉलरा घाणेरड्या पाण्यातून पसरतो असं मानणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरने घरोघरी जाऊन पाणी कुठून येतं ते विचारलं. पहिल्या चार आठवड्यांत नदीच्या दक्षिणेकडच्या ज्या ३३४ मृत्यूंचा त्याने छडा लावला, त्यांतल्या २८६ घरांत एकाच कंपनीचं पाणी येत होतं. शहराची घाण पोटात घेतलेल्या थेम्समधून उचललेलं. दुसऱ्या कंपनीने आपलं पाणी वरच्या अंगाहून आणायला सुरुवात केली होती; तिच्या घरांत १४. आणि २२ जण असे, की जे थेट थेम्समध्ये बादली बुडवून पाणी काढायचे. नदीत उभ्या असलेल्या जहाजांवरच्या माणसांची पाणी भरायची रीत तीच होती. खलाशी रोग आणतो म्हणून शहर त्याच्याकडे बोट दाखवत होतं, आणि शहराची घाण तो बादलीने पीत होता.

आता आपल्या माणसांकडे येतो. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने असत, त्यांना लास्कर म्हणत. आगबोटी आल्यावर मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान सारंग, टंडेल, खलाशी आले. खानपानाच्या कामाला गोव्याची माणसं. लंडनच्या थंडीत आजारी पडले की त्यांना हक्काने वर घेणारी जागा म्हणजे ग्रीनिचचं ते जहाज. तिथला सर्जन जॉर्ज बस्क. १८४३ मध्ये एका मृत हिंदुस्थानी खलाशाच्या आतड्यात त्याला चपटे जंत सापडले, आणि त्या जंताच्या शास्त्रीय नावात आजही बस्कचं नाव आहे. मला त्या खलाशाचं नाव हवं होतं. ते कुठेच सापडत नाही. गाव कोणतं, घरी कोण होतं, कुणाला कळवलं का? काहीच नाही. तरी एक गोष्ट खरी, की तो माणूस उपचाराच्या खाटेवर गेला, नांगरलेल्या जहाजाच्या फळीवर वाट बघत गेला नाही.

ते इस्पितळ म्हणजे स्वर्ग होता असं माझं म्हणणं नाही. लाकडी जहाजाच्या खालच्या मजल्यांवर उजेड कमी आणि हवा कोंदट. १८७० मध्ये ते किनाऱ्यावरच्या इमारतीत हलवलं ते योग्यच झालं. त्यांचे उपचार चुकीचे होते, काही तर घातक होते. माझं म्हणणं एवढंच, की उपचार ठाऊक नसताना त्यांनी जागा दिली. आज कॉलऱ्याच्या रुग्णाला वेळेवर पाणी आणि क्षार मिळाले तर शंभरात एकही दगावू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून पाजलं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणलं. आज उपचार कंपाउंडरलाही ठाऊक आहे. जागा मात्र मिळत नाही.

ती मिळाली नाही की जहाजावर काय होतं, ते मी पाहिलं आहे. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. शंभराच्या आत माणसं असलेल्या जहाजाला डॉक्टर ठेवण्याची सक्ती नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली असते सेकंड मेटकडे, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याकडे, आणि तेव्हा सेकंड मेट मी होतो. आमच्या ऑइलरला, म्हणजे इंजिनखोलीतल्या खलाशाला, उलट्या-जुलाब सुरू झाले. त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती खाली बसत नव्हती, तशीच उभी राहायची. रेडिओवरच्या डॉक्टरने सांगितलं, सलाईन लावा. शीर सापडेना, अंगातलं पाणी गेलं की शिरा बसतात, हे मी कोर्समध्ये वाचलं होतं, हाताला तेव्हा लागलं. अखेर सुई बसली. बाटली मी बंकच्या पडद्याच्या दांडीला झेंड्याच्या दोरीने बांधली. कपाटात बाटल्या मोजक्या होत्या. त्या संपल्यावर मी आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आळीपाळीने चमच्याने ओआरएस पाजत होतो आणि एका कागदावर लिहीत होतो : आत किती गेलं, बाहेर किती आलं. लघवीचा रकाना रिकामा राहायला लागला तेव्हा मी घाबरलो. बंदराचं उत्तर होतं, की पोटाचा संसर्ग आहे, तपासणीचा निकाल आल्याशिवाय कुणालाही उतरवता येणार नाही. तपासणीसाठी नमुना न्यायला मात्र बंदराची लाँच, म्हणजे छोटी बोट, येत नव्हती.

तो जगला. मूत्रपिंडं कायमची अधू झाली, मेडिकल फिटनेस पुन्हा कधी मिळालं नाही, आणि दर्यावर चालणारं ते घर एका आजारात थांबलं.

म्हणून माझ्या तक्रारी सरळ लिहितो.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी : नकार कधीच लेखी येत नाही. एजंट फोनवर सांगतो, "परवानगी मिळत नाहीये, कॅप्टन." कुणी नाकारली, कोणत्या नियमाखाली, कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने, यातलं काही कळत नाही. उद्या माणूस गेला तर जबाबदार कोण, हेही कळू नये अशी ही रीत आहे.

दुसरी, निर्णय डॉक्टर घेत नाही. जहाजावरून नाडी, ताप, रक्तदाब, लघवीचं माप असं सगळं लिहून पाठवलं तरी ते वाचणारा माणूस परवान्यांचा असतो. त्याच्या लेखी ही केस म्हणजे व्हिसा, शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना) आणि लाँचचं बिल.

तिसरी तक्रार जहाजमालकांकडे आहे. आजारी माणसासाठी वाट वाकडी केली की तेवढ्या वेळाचं भाडं बुडतं, हे कप्तानाला ऑफिसमधून न बोलता कळवलं जातं. नुसतं "शक्य असल्यास पुढच्या बंदरापर्यंत सांभाळा" असं लिहून येतं. मी कप्तान असताना असे संदेश वाचले आहेत. त्यातलं "शक्य असल्यास" कुणासाठी असतं ते प्रत्येक कप्तान ओळखतो. तरुण कप्तान नोकरीला भिऊन गप्प बसतो, आणि त्याचा सगळा दोष मी त्याच्यावर टाकणार नाही.

आणि आपली बंदरं? परदेशी बंदरांना नावं ठेवताना आपल्या बंदरांबाहेर नांगरलेल्या जहाजावरचा फिलिपिनो किंवा युक्रेनियन खलाशी काय अनुभवतो, तेही बघितलं पाहिजे. मी पाहिलं आहे, आणि मला अभिमान वाटावा असं ते नव्हतं. ड्रेडनॉटच्या अंगावर सर्व देशांच्या खलाशांसाठी असं लिहिलं होतं. आपल्याकडून तेवढंच अपेक्षित आहे.

आता मागण्या.

नौवहन महासंचालकांनी असा आदेश काढावा, की भारतीय बंदरात किंवा त्याच्या अँकरेजवर, म्हणजे बाहेर नांगरायच्या जागेवर, तातडीच्या उपचाराची विनंती आली तर बंदराच्या डॉक्टरने त्याच दिवशी, ठरलेल्या तासांच्या आत निर्णय द्यावा. नकार असेल तर तो लेखी, कारणासह आणि सही-शिक्क्यासह असावा. सहीविना आलेला नकार म्हणजे परवानगी, असं धरून लाँच निघावी.

परदेशी बंदरात भारतीय खलाशाला उतरवून घेणं नाकारलं, तर ती तक्रार घ्यायला चोवीस तास फोन उचलणारा अधिकारी असावा, आणि त्याने तिथल्या आपल्या वकिलातीला त्याच तासाला जागं करावं. अशा नकारांची यादी, बंदराच्या नावासकट, दर वर्षी जाहीर करावी. घरच्यांना कळलं पाहिजे आपलं माणूस कुठल्या बंदरावर जातंय.

बंदरांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनो, संसर्गाचा संशय हे रुग्णाला नाकारायचं कारण होऊ शकत नाही; ते त्याला वेगळ्या खोलीत घ्यायचं कारण आहे. १८६६ मध्ये वेगळं जहाज आणून लावता आलं, तर आज प्रत्येक मोठ्या बंदराच्या इस्पितळात खलाशांसाठी दोन विलग खाटा आणि पाण्यावर एक रुग्ण-लाँच ठेवणं अशक्य नाही.

जहाजमालकांनी कप्तानाला लेखी द्यावं, की आजारी माणूस उतरवण्यासाठी त्याने वाट बदलली किंवा थांबला तर त्याला जाब विचारला जाणार नाही. औषधांच्या कपाटात सलाईनच्या बाटल्या यादीपुरत्या न ठेवता दोन गंभीर रुग्णांना पुरतील एवढ्या ठेवाव्यात. सेकंड मेटला शीर शोधण्याचा सराव रबरी हातावर नको. इस्पितळातल्या वॉर्डात, नर्सच्या शेजारी उभं राहून करू द्या.

त्या मुलाच्या आईला मी सांगितलंय की या पत्राचं उत्तर आलं की दाखवीन. पत्र मिळाल्याची पोच नको. पहिल्या मागणीवर, म्हणजे लेखी नकाराच्या सक्तीवर, तुम्ही आदेश काढणार की नाही, आणि काढणार असाल तर कधीपर्यंत, एवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त कप्तान
दापोली, जि. रत्नागिरी